मागच्या दोन चाकांची गोष्ट

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून रिमोटवर चालणारी छोटी गाडी बनवली. आमच्या घरच्या खरबरीत जमिनीवर ती मस्त धावायची. पण प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या दिवशी दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवली, तर मागची चाकं गरागरा फिरताहेत आणि गाडी जागची हलेना. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे रंगरंगोटी चाललेली, आणि आमच्या लॅबलाही गुळगुळीत टाइल्स लागल्या होत्या.

"सर्किट तो ठीक है यार," मैत्रीण रडवेल्या आवाजात म्हणत राहिली.

घरी आले तेव्हा आई मशीनवर ब्लाउज शिवत होती. "काहून गं, तोंड उतरलं?"

"तुले नाही समजणार."

ती परत शिवायला लागली. मी टेबलावर डोकं टेकवून रडले. थोड्या वेळाने मशीनचा आवाज थांबला.

"मले दाखव तरी."

मी चिडूनच सांगितलं, इथे चालते, तिथे चालत नाही. आईने स्वयंपाकघरातून मोठी परात आणली, पालथी घातली आणि म्हणाली, "याच्यावर चालव." गाडी परातीवरही तशीच, चाकं फिरवत उभी. आई खाली वाकून बघत होती.

"पाय घसरून राहिले तिचे. चाकं पलास्टिकची आहेत न."

मग तिने मशीनच्या बाजूचं, बॉबिन भरायच्या चाकावरचं रबराचं कडं काढलं आणि गाडीच्या एका चाकावर ताणून बसवलं. मी बटण दाबलं. गाडी परातीवर गोल गोल फिरायला लागली. एक पाय रोवलेला, दुसरा घसरत होता.

"दुसरं पाहिजे," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

लुनावरून गोल बाजारला गेलो. मशीनच्या सामानाच्या दुकानात आईने रबर बोटांनी ताणून ताणून निवडलं. परत येताना मी पुढे बघतच म्हटलं, "आई, मघाशी मी उगाच बोलली."

"हव, बोलली," ती मागून म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडीला धक्का लागू नये म्हणून ती मांडीवर धरून आई माझ्या मागे बसून कॉलेजात आली आणि व्हरांड्यात थांबली. आत गाडी सरळ गेली, वळली, थांबली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चाकाला बोट लावलं.

"ये टायर कहाँ मिले?"

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सिलाई मशीन का रबर है, सर. मेरी माँ ने लगाया."

"अच्छा दिमाग लगाया," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

सगळे गेल्यावर मी आईला आत बोलावलं. ती चपला दाराशी काढून आली. रिमोट तिच्या हातात दिला, तर म्हणाली, "मोडली तर?"

"नाही मोडत. दाब."

गाडी निघाली. आई एका हाताने निऱ्या सावरत तिच्या मागे मागे चालली. "हळू, हळू," असं गाडीलाच सांगत होती. गाडी टेबलाच्या पायाला जाऊन अडली तशी ती तोंडावर पदर धरून इतकी हसली, की मैत्रीणही हसायला लागली.

"आता हिले मागं कशी घेऊ?" आईने विचारलं.

मी तिचा अंगठा धरून दुसऱ्या बटणावर ठेवला.