भोपळ्यातलं बियाणं

२ जून. गिरणीचा सुट्टीचा वार होता, म्हणून दुपारी बियाणं निवडायला बसले. मृगाला पाच दिवस राहिले होते आणि पाऊस आपल्या सोयीने येत नाही. ओटीवर वर्तमानपत्र पसरलं, चार बशा मांडल्या आणि शेजारच्या वहिनीने आठवड्यापूर्वी दिलेला भोपळा हातात घेतला.

भोपळा म्हणजे वाळवून पोकळ केलेला, तोंड कापून लाकडी झाकण बसवलेला दुध्या. त्यात राख घालून बी ठेवलं की कीड लागत नाही. हल्ली आम्ही सगळ्याजणी प्लास्टिकच्या बरण्या वापरतो. वहिनीकडे मात्र अजून हा भोपळा आहे, तिच्या आईकडून गुहागरहून आलेला. झाकण काढून मी तो उपडा केला. राखेबरोबर छोट्या छोट्या कापडी पुरचुंड्या खाली आल्या. दोडकी, काकडी, भेंडी, चिबूड. शेवटी लाल दोऱ्याने बांधलेली एक पडली, आणि माझा हात तिथेच थांबला.

ते तिच्या पडवळाचं बी होतं. वहिनीचं पडवळ आमच्या वाडीत प्रसिद्ध आहे. मांडवाखाली उभं राहिलं तर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लोंबतं. सरळ वाढावं म्हणून ती प्रत्येकाच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधते, आणि तो दगडही निवडून घेते. हे बी ती मागितल्याशिवाय कुणाला देत नाही आणि मागितलं तर मोजून पाच देते. "सहावं कशाला हवं? पाच लाव, पण नीट लाव." पंचवीस वर्षं मी आमच्या दोन घरांमधल्या चिऱ्याच्या गडग्यावरून हात पुढे करून तिच्याकडून पाच बिया घेत आले आहे. आमचे नवरे शाळेपासूनचे मित्र, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना वहिनी म्हणतो आणि अगं-तुगं करतो. तिचे यजमान बोटीवर असतात, वर्षातले आठ महिने समुद्रात. मुलगी मुंबईला नोकरीला आहे.

त्या लाल दोऱ्याच्या पुरचुंडीत पाच नव्हे, सगळ्या बिया होत्या. पुढच्या वर्षासाठी घरात एकही ठेवलेली नव्हती.

इथे मला माझं दुसरं काम सांगायला हवं. गिरणी हा माझा धंदा. त्याशिवाय गेली तीन वर्षं मी आत्महत्या टाळण्यासाठी काम करणाऱ्या एका गटात आहे. आम्ही पंधराएक जण आहोत. शिक्षक, एक रिक्षावाले, दोन आशाताई, मी. रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे. बचत गटात, शाळेत, मच्छीमारांच्या सोसायटीत जाऊन बोलतो आणि कुणी अडचणीत दिसलं तर डॉक्टरपर्यंत पोचवतो. हेल्पलाइनचा नंबर मी गिरणीच्या दारावर चिकटवला आहे, दळणाच्या दरपत्रकाच्या वर. सुरुवातीला लोक हसायचे. "काय गो, आज कुणाचं डोकं दळलंस?" आता तेच लोक दळण ठेवताना आवाज खाली करून घरचं काही सांगतात. हे काम मला जमतं. मी रडत नाही, घाईही करत नाही आणि गिरणीच्या घरघरीत बाहेर उभ्या असलेल्यांना आतलं ऐकू जात नाही.

वहिनीने भोपळा दिला त्या दिवशी मी आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एका गावातून बोलूनच परत आले होते. चाळीस बायकांना खुणा समजावून आले होते. झोप उडणं, जेवण तुटणं, माणसांत न येणं, निरवानिरवीची भाषा, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं. आमच्या माहितीपत्रकात या शेवटच्या खुणेसाठी एक चित्र आहे. एक माणूस मनगटावरचं घड्याळ काढून मित्राला देतो आहे. ते चित्र मी चाळीसजणींना हात उंच करून दाखवलं. मग घरी आले, चप्पल काढत होते, तोच गडग्यावरून हाक आली.

"वहिनी, हे घे."

"काय गो?"

"बी. सगळं आहे."

"सगळं?" मी मोठ्याने हसले. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे. घेऊन जा. तू नीट लावशील."

मी भोपळा घेतला आणि आत येऊन नवऱ्याला म्हटलं, "पंचवीस वर्षांनी वहिनीचा हात सैल सुटला." आम्ही दोघंही हसलो. चित्रातल्या घड्याळावर माझं इतकं लक्ष होतं की हातात दिलेला भोपळा मला दिसला नाही. आमच्या वाडीत घड्याळ कोण वाटतं? आणि मे महिन्यात सगळेच काहीतरी देत असतात. फणस, कोकमं, आंबे, आठळ्या. देणाऱ्याकडे कुणी बघत नाही, पिशवीकडे बघतात.

स्वतःला बोल लावायला वेळ नव्हता. मी उठले. आठवडाभरात तिच्याकडे जे जे दिसलं होतं ते आता एकेक करून समोर आलं. मांडवाच्या काठ्या अजून रचून ठेवलेल्या होत्या, एरवी मेअखेर तिचा मांडव उभा असतो. मला वाटलं होतं, पाठ दुखत असेल. दोनदा ती गिरणीत आली नव्हती, दळण शेजारच्या मुलीबरोबर पाठवलं होतं. मला वाटलं होतं, ऊन फार आहे.

"बी तसंच टाकून कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"वहिनीकडे. कोंबड्यांना ओटीवर येऊ देऊ नका. आणि मला उशीर होईल, चहा तुमचा तुम्ही करून घ्या."

ती मागच्या पडवीत पाटावर बसली होती. समोर नारळाच्या झापा होत्या, हातात कोयती नव्हती, काही नव्हतं. मला बघून म्हणाली, "बस." मी बसले. आणि तीन वर्षांचं प्रशिक्षण असलेल्या बाईने जसं विचारू नये तसंच विचारलं.

"वहिनी, तू काही वेडंवाकडं करायचा विचार तर करत नाहीस ना?"

"नाही."

मी श्वास सोडला. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जानेवारीत माझ्याच घरी हळदीकुंकवाला तूच सांगितलंस, असं विचारायचं नाही म्हणून. 'ना' लावलं की समोरचा 'नाही'च म्हणतो. एवढं भाषण केलंस, आणि स्वतः?"

खरं होतं. मी सांगत असते, शब्द फिरवू नका, सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार भरत नाही, उलट असलेला विचार बाहेर यायला दार मिळतं. अनोळखी पाच-सहा जणांना मी असं विचारलंही होतं. पण जिच्या घरची आमटी मी पंचवीस वर्षं खाते तिला विचारताना माझी जीभ वळली नाही.

"चुकलं," मी म्हटलं. "पुन्हा विचारते. वहिनी, आत्महत्येचे विचार येतात का तुझ्या मनात?"

विहिरीवरचा पंप चालू होता. ती उठली, तो बंद करून आली आणि पुन्हा पाटावर बसली. मग म्हणाली, "येतात."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी कधीतरी यायचे. आता रोज."

"काही ठरवलं आहेस?"

तिने मान हलवली, हो म्हणून. तिने काय सांगितलं ते इथे लिहायची गरज नाही. मी मध्ये बोलले नाही. मुलीचा विचार कर, यजमानांचा विचार कर, देवाने काय कमी दिलंय, यातलं काही म्हटलं नाही. हे सगळं तिने स्वतःला माझ्याआधी शंभर वेळा सांगितलेलं असणार.

"कारण काय, असं विचारशील," ती म्हणाली. "कारण नाही गो. कारण असतं तर गडग्यावरून सांगितलं नसतं का? सकाळी उठते आणि दिवस असा चिऱ्यासारखा समोर पडलेला असतो. उचलायचा, पलीकडे ठेवायचा. दुसऱ्या दिवशी परत तोच."

"कारण लागत नाही. ताप यायला तरी कुठे लागतं? हा आजार आहे, आणि याला औषध आहे. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ, मी बरोबर येते."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"मला तीन वर्षं वेड्यांची बाई म्हणतात. माझं दोन किलो वजनसुद्धा कमी झालं नाही."

ती हसली नाही, पण "दोन नाही, दहा कमी व्हायला हवं होतं," म्हणाली. टोमणा मारण्याइतकी ती अजून इथे होती. मला तेवढं पुरलं.

हे सगळं तिने वाचलं आहे आणि छापायला हो म्हटलं आहे. एक दुरुस्ती सुचवली. आपण पाच नाही, सहा बिया देतो असं तिचं म्हणणं आहे. ती दुरुस्ती मी केलेली नाही. मला पाचच मिळत आल्या आहेत.

त्या दुपारी मग कामं सुरू झाली. पहिलं काम, तिला एकटं ठेवायचं नाही. दुसरं, धोक्याचं जे काही घरात होतं ते तिच्यासमोर, तिला सांगून बाहेर काढायचं. त्यासाठी तिच्या दिरांना बोलवावं लागलं, ते चार घरं सोडून राहतात. इथे ती अडली.

"भावोजींना नको सांगू."

"सांगणार. त्यांना, तुझ्या मुलीला आणि यजमानांना. चौथ्याला नाही."

"तू तर गुपित राखतेस म्हणे."

"राखते. पण तुझा जीव जाईल एवढं गुपित मी राखत नाही. हेसुद्धा हळदीकुंकवालाच सांगितलं होतं."

ती म्हणाली, "त्या वेळी मी तिळगूळ वाटत होते." मग थोड्या वेळाने तिनेच फोन माझ्या हातात दिला.

दीर आले. ते शब्दांचे माणूस नाहीत. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले, पिशवी मागितली आणि काढायचं ते सगळं घेऊन गेले. जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "वहिनी, मांडवाच्या काठ्या मी पुरून देऊ काय?" ती म्हणाली, "राहू देत." ते पुन्हा म्हणाले, "बरं." मुलगी फोनवर रडली. तिला मी रडू दिलं आणि मग दुसऱ्या दिवशीच्या गाडीने यायला सांगितलं. यजमानांची बोट कुठल्या तरी बंदराच्या बाहेर होती. त्यांना निरोप ठेवला, त्यांचा फोन संध्याकाळी आला. ती आत जाऊन बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

रात्री मी तिच्याकडेच राहिले. ती झोपली नाही. मी अधूनमधून झोपले, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिरांना तिच्याजवळ बसवून मी गिरणीवर पाटी लावायला गेले. 'आज गिरणी बंद.' पावसाआधीच्या आठवड्यात अशी पाटी लावणं म्हणजे वाडीशी भांडण. मसाल्याच्या मिरच्या घेऊन एक काकी आधीच उभ्या होत्या.

"मेले, पाऊस आला तर या मिरच्या काय डोक्यावर वाळवू?"

"उद्या पहिलं तुमचं दळते, काकी. आज दवाखान्यात जायचंय."

"कुणाला काय झालं?"

"मला रांगेत उभं राहायचंय," मी म्हटलं आणि कुलूप लावलं.

घरी येऊन ओटीवरच्या पुरचुंड्या पुन्हा राखेसकट भोपळ्यात भरल्या, झाकण लावलं आणि भोपळा घेऊन तिच्याकडे गेले. ती साडी नेसून तयार होती, केस विंचरलेले नव्हते. "पाच काढून घेतल्या आहेत," मी सांगितलं. तिने भोपळा घेतला नाही. मी तो स्वयंपाकघरातल्या त्याच्या खुंटीला टांगला. मग तिच्या मागे उभी राहून तिची वेणी घातली. आमच्या गटातले रिक्षावाले दाराशी आले होते. वाटेत त्यांनी एक शब्द विचारला नाही.

दवाखान्यात केसपेपरची रांग लांब होती. मी पुढे, ती माझ्या मागे, तिच्या हातात पाण्याची बाटली आणि पिशवी. तासाभराने खिडकीशी आमचा नंबर लागला. आतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "पेशंट कोण?"

मी तोंड उघडलं होतं. मागून आवाज आला, "मी."

मी खिडकीसमोरून बाजूला झाले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला पुढे जाऊ दिलं.