फुगलेली रिंग आणि एक घर मागे

सोमवारी सकाळी इकडे उत्तरेत, सीपरी बाजारातल्या आमच्या दुकानाचं शटर वर केलं, खुर्चीत टेकले आणि पुन्हा उठवेना... गुडघे आता माझं ऐकत नाहीत. या महिन्यानंतर मी दुकानात बसणार नाही, असं घरात सांगूनच टाकलं होतं.

दुकान हार्डवेअरचं. नट-बोल्ट, बेअरिंग, पट्टे, मशिनींच्या रबरी रिंगा. आमचे हे इथून जवळच, बबिन्याला फौजेच्या वर्कशॉपात होते. निवृत्तीनंतर साताऱ्याला जाऊ म्हणत म्हणत इथेच दुकान थाटलं, आणि मी झाले दुकानदारीण. शिक्षण तिसरी... इंग्रजी अक्षर माझ्यासाठी अजून जिलबीच आहे.

पण आकडे वाचता येतात, त्यामुळे यांनी मला एक युक्ती शिकवली. तेव्हा कंपन्यांचे जाडजूड छापील कॅटलॉग यायचे. त्यातल्या एकात सगळ्या रिंगा खऱ्या मापाच्या छापलेल्या. गिऱ्हाइकाची जुनी रिंग त्या पानावर ठेवायची, ज्या गोलावर बरोब्बर बसेल तिथला नंबर द्यायचा. झालं काम. त्या पानांवर तेलाचे इतके गोल उमटलेत, की कुणी वर चहाचे कप ठेवले असं वाटावं.

आता नात, मिनू, दुकान बघते. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीत. तिने सगळा माल टॅबमध्ये घातला आणि कॅटलॉगांचा गठ्ठा सुतळीने बांधून रद्दीसाठी दाराशी ठेवला. "आजी, अब सब इसमें है." थकलेल्या माणसाला रद्दी जाताना बरंच वाटतं, तेवढी पाय पसरायला जागा होते.

तर सोमवारी बिजौलीचे यादवजी आले. हे होते तेव्हापासूनचं गिऱ्हाईक, यांना बाऊजी म्हणायचे, छोटा कारखाना आहे त्यांचा. तिथली पत्रा दाबायची प्रेस बंद पडली होती, रिंग कापली गेली म्हणून. आपल्याकडे तेवढ्या मोठ्या रिंगाच संपलेल्या. माझा मुलगा माल आणायला कानपूरला, मिनू बँकेत. म्हटलं मीच मागवते, मिनूने शिकवलंय की.

टॅबवर रिंगांचं चित्र काढलं, वर यादवजींची रिंग ठेवली. चित्र लहान पडत होतं. मग दोन बोटांनी ते ताणलं, अजून जरा ताणलं... अशी चपखल बसली रिंग, काय सांगू. नंबर बघितला, हिरवं बटण दाबलं, माल थेट बिजौलीला पाठवायला सांगितला. इतका आनंद झाला मला, की शेजारच्या पंखेवाल्याला बोलावून दाखवलं.

बुधवारी यादवजी परत आले. माझ्यासमोर मूठ उघडली. बांगडीएवढी रिंग हवी होती, आलेली जोडव्याएवढी.

"अम्मा, अब ये किसको पहनाऊँ?"

मिनूने विचारलं, माप कसं घेतलं होतं. मी करून दाखवलं. ती जी हसत सुटली, ती बोल्टांच्या डब्यावरच बसली. "आजी, ऐसे तो इसपे ट्रक का टायर भी फिट हो जाएगा!" मलाही हसू आलं. यादवजी हसले नाहीत.

दोन दिवस प्रेस बंद, माणसं बसून. ते हळू आवाजात म्हणाले, "बाऊजी के टाइम से आ रहा हूँ. इस दुकान से गलत माल पहली बार गया है. आज नहीं हुआ तो कहीं और देखूँगा, बुरा मत मानना." ओरडले असते तर बरं झालं असतं... इतक्या वर्षांत कमावलेलं नाव मी जाता जाता दोन बोटांनी घालवलं.

मी दाराशी जाऊन सुतळी सोडली. गाठ सुटेना, दाताने ओढली. पान सापडलं, रिंग ठेवली, बसली. नंबर सांगायला तोंड उघडलं आणि समासात यांचं पेन्सिलीचं अक्षर दिसलं. 'तेलातली जुनी रिंग फुगते. एक घर मागे.'

अगं बाई. आयुष्यभर हे मी न बघता करत आले, आणि गडबडीत नेमकं तेच विसरले होते. ही रिंग वर्षभर तेलात भिजून फुगलेली. मी मागच्या, एका मापाने लहान गोलाचा नंबर सांगितला.

आता मात्र मिनूची कमाल. तो नंबर टाकला आणि यादवजींचा चहा निवायच्या आत ग्वालियरचा दुकानदार शोधून काढला. दुपारच्या बसने पाकीट आलं, यादवजींनी ते स्वतः बसअड्ड्यावरून उचललं. संध्याकाळी फोन. मागे प्रेसचा असा धडधडाट, की फोन कानापासून लांब धरला. "चल पड़ी अम्मा." एवढंच बोलले.

मिनूने गठ्ठा परत फळीवर ठेवला. मग टॅबमध्ये रिंगांच्या पानावर सगळ्यात वर, बघून बघून, एकेक अक्षर यांच्यासारखंच लिहिलं... एक घर मागे.

मी म्हटलं, अगं हिंदीत तरी लिही, इथल्या गिऱ्हाइकाला काय कळणार. तर मान वर न करता म्हणते, "पूछ लेंगे ना. आप तो बैठी ही हो दुकान में."

म्हणजे बघा... मला काही सुट्टी मिळत नाही. गुडघ्यांना अजून सांगितलेलं नाही.