माझ्याच अक्षरातली चिठ्ठी

आई जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. दातात दोरा, हातात सुई. समोर छोट्या स्टुलावर सानिका, नवरी. तिच्या ब्लाउजचा पाठीचा हूक निघाला होता आणि मुहूर्ताला अर्धा तास उरला होता.

काकू, म्हणजे सानिकाची आई, आत आल्या. हातात प्लास्टिकचं पाकीट होतं. ते त्यांनी आईच्या बाजूला फरशीवर ठेवलं, सानिकाच्या चपलांजवळ.

"वहिनी, ही तुमची साडी बरं का. नंतर गडबडीत राहून जायची."

कुंकू नाही. ओटी नाही. बाहेर हॉलमध्ये कूलरसमोर सोफ्यावर बसलेल्या बायकांना काकू कुंकू लावून, ओटी भरून साड्या देत होत्या. ते मी थोड्या वेळापूर्वीच पाहिलं होतं.

आईनं दोरा तोडला. पाकिटाच्या उघड्या कडेतून दोन बोटं आत घातली, कापडाला लावली, काढली.

"चांगली हाय," ती म्हणाली.

मला आधी पिन दिसली. पिनेखाली चिठ्ठीचा फाटका तुकडा अडकला होता. त्यावर निळ्या शाईत शेवटची अक्षरं उरली होती. 'वाल्या'.

अक्षर माझं होतं.

सानिका आणि मी एका शाळेत होतो. मोठी इंग्रजी शाळा. ती फी भरून आली, मी राखीव जागेवर, फुकट. बाबा खाप्याहून नागपूरला आले ते गोदामात हमाली करायला. शाळेत सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून मी बोलणंच कमी केलं. बोललं की चूक निघते. गप्प राहिलं की बघता येतं. दुसरीत सानिकानं मला तिच्या बेंचवर जागा दिली. ती जागा मी विसरलेली नाही. तिनं दिली होती, हे तीही विसरलेली नाही.

आई घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. काकूंच्या घरच्या सगळ्या साड्या आमच्याकडे येत. "तुम्ही तर घरच्याच," काकू म्हणायच्या. मी लक्ष ठेवून होते. हे वाक्य आलं की मागोमाग काम यायचं. दसऱ्याच्या जेवणासाठी हे वाक्य कधी यायचं नाही, कारण दसऱ्याला बोलावणंच यायचं नाही.

सानिकाचं लग्न ठरलं तेव्हा आईनं सगळे ब्लाउज शिवून दिले. शिलाई घेतली नाही. "पोरीच्या मैत्रिणीचं लगन हाय. माह्या हातचा आहेर समज," असं मला म्हणाली. महिनाभर मान खाली घालून मशीनवर बसली होती.

आणि मी? मी काकू आणि सानिकाबरोबर गांधीबागेत गेले होते.

घाऊक साड्यांचं दुकान. पांढरी गादी, चहा. दुकानदारानं विचारलं, "भाभीजी, पहले लेन-देन की दिखाऊं क्या?" म्हणजे देण्याघेण्याच्या, स्वस्तातल्या. काकू हो म्हणाल्या. त्यानं मागच्या फडताळातून गठ्ठा ओढून समोर टाकला. काकू माझ्याकडे वळल्या.

"तू सांग गं. आईमुळे तुला कापड कळतं."

मी साडी चिमटीत धरली. कळलं मला. पातळ, कडक खळ, पहिल्या धुण्यात रंग सोडणारी. मी म्हणाले, "रंग जाईल काकू. पण त्यांना काय, चालेल."

त्यांना.

काकू हसल्या. "हुशार आहेस." मला छान वाटलं. सानिकानं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

काकूंच्या घरी आल्यावर तीन ढीग केले. चिठ्ठ्या मला लिहायला दिल्या, कारण माझं अक्षर चांगलं. 'मानाच्या'. 'घरच्या'. 'कामवाल्या'. प्रत्येक पाकिटाला एक चिठ्ठी, एक पिन. सगळी दुपार मी तेच केलं. आईची कुठली, हे मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं वेगळं होतं. मी धरून चालले होते की आमची 'घरच्या'त असणार.

हे सगळं त्या खोलीत, त्या पिनेकडे बघताना आठवलं. मी पाकीट उचललं.

"कुठं चालली वं?" आईनं विचारलं.

मी बाहेर आले. काकू सोफ्याजवळ होत्या. त्यांच्या बाजूच्या टेबलावर 'मानाच्या' पाकिटांपैकी चार अजून शिल्लक होती. मी बघितली. मला बघायची सवय आहे.

"काकू, ही चिठ्ठी माझ्या हातची आहे."

"कुठली चिठ्ठी? अगं, चुकून आलं असेल ते पाकीट. बघतेस ना किती घाई आहे."

"चुकून आलेल्या पाकिटाची चिठ्ठी कोणी फाडत नाही."

सोफ्यावरच्या बायकांनी वळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढ्या लोकांसमोर बोलत होते. आवाज चिरकत होता. तरी बोलले.

"चुकून आलं असेल तर बदलून द्या."

काकूंनी टेबलाकडे पाहिलं. मीही पाहिलं. चार पाकिटं तिथंच होती, हातभर अंतरावर. काकूंचा हात हलला नाही.

"त्या पाहुण्यांच्या आहेत गं," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही तर घरच्याच. तुम्हाला कशाला हवं एवढं मानपान?"

"घरच्या नाही काकू. ही कामवाल्यांची साडी आहे. माझ्या आईला कामवालीची साडी दिली तुम्ही."

मागून आवाज आला.

"काहून वं, आमी नेसतो ते साडी नसते का?"

शोभाताई. काकूंकडे भांडी घासतात. माझ्या शाळेच्या दिवसांपासून मला ओळखतात. मी गेले की न विचारता माझ्यासाठी चहा टाकायच्या, मी त्यांना रेशनचे अर्ज लिहून द्यायचे. हातात रिकाम्या ग्लासांचा ट्रे होता आणि काखेत तसंच पाकीट. त्यांच्या पाकिटावरची चिठ्ठी अख्खी होती. 'कामवाल्या'. माझं वळणदार अक्षर. त्यांच्यासाठी ती फाडायची गरज कोणाला वाटली नव्हती.

त्या हसल्या. "बोल ना. आता तं मस्त बोलून राहिली होती."

तेवढ्यात सानिका शालू सावरत दारात आली. "यार, सीरियसली? एका साडीसाठी? आज?"

तिला माहीत होतं का? ती त्या खोलीतच होती, पाकीट तिच्या चपलांजवळ पडलं होतं. तिनं पाहिलं नसेल? मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मेकअपखाली मला काही वाचता आलं नाही. पण तिनं "कसली साडी?" असं विचारलं नाही. तेवढं मला पुरलं.

मी पाकीट काकूंच्या टेबलावर ठेवलं, 'मानाच्या' चार पाकिटांच्या वर. आई खोलीतून आली. सुई तिनं पदराला खोचली होती. कोणाकडे न बघता म्हणाली, "वहिनी, हूक पक्का बसवला हाय. आता निघनार नाई." आम्ही जेवलो नाही.

ऑटोत आई माझ्यावर चिडली. "काहून तमाशा केला? मले का कळत नोतं? हात लावल्याबरोबर कळते कापड."

"मग चांगली आहे काहून म्हणालीस?"

"पोरगी चढून राहिली होती ना वं बोहल्यावर. तिचा दिवस होता."

मग मी तिला गांधीबागेतलं सांगितलं. रंग जाईल, पण त्यांना चालेल, हे माझं वाक्यही सांगितलं. कडबी चौकाच्या पुढं गेल्यावर आई म्हणाली, "मंग शोभाबाईनं बरोबर इचारलं तुले."

मला राग आला होता तो आईला त्या ढिगात टाकलं म्हणून. तो ढीग केला म्हणून नाही. ढीग करताना मी चहा पीत होते आणि पेन छान चालतंय म्हणून खूश होते. हे लिहायला मला जड जातं. म्हणून लिहिते आहे.

महिन्याभरानं काकूंचा मेसेज आला. जणू काही झालंच नव्हतं. सानिकाच्या भावाचं लग्न ठरलं होतं. "तुझं अक्षर सुंदर. पत्रिकांवर नावं घालायला ये ना. तू तर घरचीच."

मी दोन वेळा वाचला. त्यात सानिकाचा हात आहे का, हेही शोधलं. मग लिहिलं, "येणार नाही."

पत्रिकांच्या मागोमाग साड्यांच्या चिठ्ठ्या येणार, हे मला ठाऊक होतं. खाली कारण लिहिलं. लांब नाही. लिहिलं की माणसांचे ढीग करायला माझं अक्षर मिळणार नाही. काकूंना नाही, कोणालाच नाही. आणि माझ्या आईला 'मानाच्या'त टाकलंत, तरीही नाही.

दोन निळ्या खुणा आल्या.

दुसऱ्या दिवशी मी शोभाताईंच्या वस्तीत गेले. दार त्यांनीच उघडलं. आत ये म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून, त्या दिवशी हॉलमध्ये राहिलेलं उत्तर दिलं.

"चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, शोभाताई. साडीही मीच पसंत केली होती."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "तुहं अक्षर मी वळखतो."

त्यांनी मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. अक्षर त्या ओळखतात. यापुढं ते कुठं दिसेल, याचा जाब मला त्यांना द्यायचा आहे.