पाण्याची चतुःसीमा

ती घटना आजही आठवते ती माझ्या एका पंचनाम्यामुळे. माझ्या निरोप समारंभातही सहकाऱ्यांनी त्याचं जाहीर वाचन केलं होतं.

वसईच्या एका कोळीवाड्यातले दोघं, दाजी आणि मेहुणा, बोट घेऊन मासेमारीला गेले. खाडीच्या मुखाशी बोट बुडाली. मेहुणा पोहत आला, दाजी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "जाळ्याच्या जागेवरून दोघांचं वाजलं होतं. नीट बघा."

मी मूळचा साताऱ्याकडचा. विहिरीपलीकडे पाण्याशी ओळख नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्याला लाँचमधून गेलो, कठड्यावरून ओकलो आणि हवालदाराला म्हणालो, "लिहा, चतुःसीमा."

"काय लिहू साहेब?"

"पूर्वेला पाणी, पश्चिमेला पाणी..."

"उत्तरेला पन पानीच," हवालदार म्हणाला. तो इथलाच. "आनि दक्षिणेला साहेबांचा नाश्ता."

पंच हसले. नाश्ता वगळून मी सही ठोकली.

चौकशीत मेहुण्याचा एकच जबाब. "इंजिनाच्या पंख्यात दोर अडकला साहेब. जाळं बांधायला खाली ठोकलेल्या खुंटाचा, जुना. ओहोटीची ओढ, बोट मागनं धरलेली, पानी आत यायला लागलं. दाजी सुरी घेऊन दोर कापायला उतरले. वर आलेच नाय."

बंदरावर विचारलं. सगळे म्हणाले, तिथे कोणी खुंट ठोकत नाही, ती बोटींची वाट आहे. झालं! मला खुनी सापडला. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला जबाब थोडा सुधारून देतो. हा एक शब्द हलवेना. ते मला खटकायला हवं होतं. मी म्हटलं, पठ्ठ्यानं पाठांतर चोख केलंय. अटकेची तयारी सुरू केली.

तेवढ्यात त्याची बहीण आली, म्हणजे बेपत्ता माणसाची बायको. रडली नाही.

"साहेब, नवरा दर्यानं नेला का भावानं मारला, येवढंच सांगा. कुंकू ठेवू का पुसू, भावाला जेवन देऊ का दार लावू, मला कायच कलत नाय."

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली. ती बसली नाही.

"ती सर्वेवाल्यांची बोट रोज फिरते. तल बघते म्हनतात. त्यांना इचारा की."

नव्या जेट्टीसाठी तळाची पाहणी चालली होती, ते मलाही ठाऊक होतं. विचारायचं सुचलं नव्हतं, इतकंच. रीतसर पत्र देऊन त्यांच्या बोटीवर चढलो. तिथली तरुण अभियंता म्हणाली, "काका, आपण आवाज खाली सोडतो. खडकावरून तो खणखणीत परत येतो, चिखलातून मऊ. त्यावरून तळ कळतो."

पडद्यावर तळ उलगडत गेला आणि मी ओकायचंच विसरलो. मी जिथे नुसतं पाणी लिहिलं होतं तिथे वाळूच्या लाटा होत्या, खडकाची धार होती, नांगर फरफटल्याचा लांब चर होता. एक अख्खा मुलूख, आणि त्यावरून आम्ही आंधळ्यासारखे ये-जा करत होतो. मी हात जोडले. मग एक काळा लांबट आकार दिसला. "ती बघा बोट!" मी ओरडलो.

"काका, ती सावली आहे. बोट तिच्या शेजारची उजळ."

बोट कुशीवर पडली होती. तिच्यामागे, ओळीने, बुटक्या खुंटांची रांग. कुणाच्या तरी आज्याने ठोकलेली, सगळ्यांनी विसरलेली.

पाणबुडे उतरले. दाजी बोटीलगतच सापडला. पंख्याभोवती दोराचे वेढे होते आणि तो दोर सुरीने अर्धा कापलेला होता. मेहुणा सुटला.

मी दुसरा पंचनामा केला. पूर्वेस मोडक्या खुंटांची रांग, पश्चिमेस खडक, उत्तरेस वाळूच्या लाटा, दक्षिणेस नांगराचा चर. हवालदाराने या वेळी मुकाट लिहून घेतलं.

तेव्हापासून 'तिथे काही नाही' असं कोणी सांगितलं, की मी आधी विचारतो, बघितलं कोणी? माझ्या हातून 'नुसतं पाणी' पुन्हा कागदावर उतरलं नाही.

पण ही शिकवण नंतरची. त्या दिवशी बहीण भावाचा हात धरून ठाण्यात उभी होती. तिने सर्वेचं चित्र मागून घेतलं, बोटीवर बोट ठेवलं.

"ते पडले होते तिथं दगड हाय का, साहेब?"

"नाही बाई. तिथून आवाज मऊ आला. चिखल आहे."

"मऊ ना?" तिने पुन्हा विचारलं.

"मऊ," मी म्हणालो. त्या जबाबाची मला पक्की खात्री होती.