टेंभुर्णीचा फॉरवर्ड

आमच्या फॉरवर्डला बुटांचं वावडं होतं. जालन्याच्या एका कापूस-जिनिंगवाल्या शेठनं हौसेनं उभ्या केलेल्या आमच्या फुटबॉल संघात सगळ्यांना बूट मिळाले, तेव्हा त्यानं ते एकदाच घातले, दोन पावलं टाकली आणि काढून ठेवले. "पायाला चेंडू समजंना की!" म्हणाला. अनवाणी तो चेंडू असा न्यायचा, की समोरचे नुसते बघत राहायचे.

टेंभुर्णीचा हा मेंढपाळ. आम्ही त्याला दादा म्हणायचो. दिवाळीनंतर कळप घेऊन तो घनसावंगीकडे, गोदाकाठी उतरायचा. पण सामना असला की कळप बायकोच्या हवाली करून चालत जालन्याला हजर. मी डावीकडून खेळायचो. माझं चुकलं की बाकीचे शिव्या हासडायचे, दादा मात्र म्हणायचा, "घाबरू नको. मी हाय ना बाजूला."

एके वर्षी हैदराबादहून निजामाच्या रेल्वेचे साहेब खेळाडू निवडायला यायचे होते. एकालाच घेणार, सोबत पक्की नोकरी. वहिनी रानोमाळ भटकून कंटाळल्या होत्या. दादाला ती नोकरी मनापासून हवी होती आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. माझे वडील नुकतेच गेले होते, आई जिनिंगमध्ये मजुरी करून घर चालवत होती. पण निवड दादाचीच होणार, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

साहेबांपुढे आपलं मैदान उघडंबोडकं दिसू नये म्हणून या भल्या माणसानं काय करावं? आदल्या दिवशी सगळा कळप मैदानात आणून बसवला! शेतकरी ज्या खतासाठी मेंढपाळाच्या मिनतवाऱ्या करतात, ते त्यानं मैदानाला फुकट दिलं. सामन्यात बूटवाले लेंड्यांवरून धपाधप घसरू लागले. साहेब ओरडले, "ये मैदान है की बाडा?" दादा शांतपणे म्हणाला, "साहेब, पाऊस पडू द्या, मंग गवत बघा."

सामना बरोबरीत शेवटाला आला. दादानं दोघांना चकवलं, गोलकीपर आडवा झाला, समोर गोल मोकळा. आणि त्यानं चेंडू माझ्याकडे ढकलला. मी फक्त पाय लावला. साहेबांना गोल मारणारा हवा होता. त्यांनी मला घेतलं.

स्टेशनवर मी त्याला धरलंच. "दादा, असं कामून केलं?"

"तुझी माय काम सोडून आल्ती. कडेला उभी व्हती. तिच्याकडं नजर गेली अन् मंग मला गोल मारवंना."

"अन् वहिनी?"

"तिला मी समजावतो. तू जल्दी बस गाडीत."

माझ्या संसाराला जे स्थैर्य लाभलं, ते त्या माणसाचं देणं आहे. हे मी त्याला कधी नीट सांगू शकलो नाही.

हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, त्याच हिवाळ्यात मी रजेवर घरी आलो होतो. टेंभुर्णीचा एक ओळखीचा माणूस दारात निरोप सांगून गेला. गोदाकाठी, कळपातच, तापानं दादा गेला होता.

आई स्वयंपाकाला बसली होती. तिनं ऐकलं, जळती लाकडं बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी टाकलं. मी नुसता बघत राहिलो.

"बघतो काय?" ती म्हणाली. "घरातलं माणूस गेल्यावर चूल पेटती ठेवत्यात व्हय?"