आमच्या साडूंचं आयरिश साप्ताहिक

आयर्लंडच्या काळजीने वजन उतरलेला मराठी माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान नेदरलँड्समधल्या झूटरमेरला राहतात, हेगमधल्या एका ऑफिसात डेटाबेस सांभाळतात आणि आयर्लंडमध्ये त्यांनी आजवर पाऊलही ठेवलेलं नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पश्चिम आयर्लंडमधल्या एका छोट्या गावात कुणाची गाय कुणाच्या कोबीत शिरली होती, हे त्यांना तोंडपाठ आहे. लग्नाच्या तारखेची मात्र त्यांना ताईंनी दरवर्षी आठवण करून द्यावी लागते.

याची सुरुवात झाली तीन वर्षांपूर्वी. युरोपातल्या आत्ताच्या युद्धाच्या बातम्या वाचून वाचून साडूंची झोप उडाली. इथला फॅमिली डॉक्टर सहसा पॅरासिटामॉलच्या पुढे जात नाही, पण यांचा अवतार बघून तो म्हणाला, "बातम्या वाचणं बंद करा." साडूंनी विचारलं, "आजच्या, की सगळ्याच?" डॉक्टर घाईत असावा. म्हणाला, "आजच्या." तेवढी फट साडूंना पुरली. ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्याने गंमत म्हणून आपल्या गावच्या साप्ताहिकाचे इंटरनेटवर चढवलेले जुने अंक दाखवले. आयर्लंड त्या युद्धात तटस्थ होता. त्यामुळे सगळं जग पेटलेलं असताना त्या साप्ताहिकात युद्धाला कोपऱ्यात चार ओळी आणि पहिल्या पानावर, पोस्टात शिरून तिकिटं खाल्लेली शेळी. साडू तिथे जे रमले ते रमलेच.

पण रमण्यालाही त्यांनी शिस्त लावली. दर शनिवारी सकाळी एकच अंक वाचायचा, जाहिरातींसकट. पुढचा अंक उघडणं तर सोडाच, पुढे काय झालं हेसुद्धा कुणी बोलायचं नाही. एकदा दिवाळीच्या फराळाला कुणीतरी सहज म्हणालं, "हिटलर हरला तेव्हा..." तर साडू चकली खाली ठेवून ओरडले, "पुढचं सांगू नका हो!" त्याच फराळाला सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉल करून, "काय विशेष?" असं विचारलं, तेव्हा हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "चहा आणखी कमी केलाय. आता माणशी आठवड्याला जेमतेम चमचा-दोन चमचे." सासूबाई हादरल्या. पुढच्याच महिन्यात इकडे येणाऱ्या एका ओळखीच्या मुलीच्या बॅगेत लोणच्याची जागा काढून दोन किलो चहा आला. साडूंनी खुलासा केला नाही. उलट ताईंना म्हणाले, "बघ, आईंना परिस्थितीची जाण आहे."

सायकलीचं प्रकरण तर मी डोळ्यांनी पाहिलं. गावात रबर मिळेनासं झाल्यावर लोक टायरमध्ये गवत भरून सायकली चालवतात, असं त्यांनी एका शनिवारी वाचलं. (ते 'चालवत' म्हणत नाहीत, 'चालवतात' म्हणतात.) पुढच्याच आठवड्यात त्यांची सायकल पंक्चर झाली. स्टेशनखाली सायकलदुरुस्तीचं दुकान उघडं होतं, दुकानदार दारातच उभा होता. हे त्याला नमस्कार करून पुढे गेले आणि कालव्याच्या काठावर बसून टायरमध्ये गवत कोंबू लागले. मी शेजारी, आपला यांच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने. घरापर्यंत ती सायकल उंटासारखी चालली. वळणावळणावर गवत सांडत होतं आणि एक डच आजी कुत्र्याला घेऊन मागोमाग येत होती. "जमतं!" घरी पोचल्यावर कंबर धरून साडू म्हणाले. "तिथले लोक खोटं लिहीत नाहीत."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग अंकात त्या बाई आल्या. पोस्टामागे राहणारी एक विधवा. तिचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला होता आणि त्याची पत्रं यायची थांबली होती. 'गावच्या वार्ता' या सदरात ओळ असायची: अद्याप काही कळलेलं नाही. साडू तिला 'आपल्या बाई' म्हणू लागले. शनिवारी दुपारी मला फोन यायचा, "साडूभाऊ, आपल्या बाईंना आजही पत्र नाही." एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, नाव टाकून सर्च करा आणि मोकळे व्हा."  ते म्हणाले, "त्यांना करता येत होतं का सर्च?"

सर्च केलं ते साडूंच्या मुलीने, चोरून. ती चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. बाबांच्या साप्ताहिकाला ती नाकं मुरडायची. ती अचानक दर शनिवारी बाबांशेजारी येऊन बसायला लागली तेव्हा ताईंना कौतुक वाटलं आणि मला संशय आला. मी स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, ओन्ली सिक्स लेफ्ट." सहाच अंक उरले होते. त्यापुढचे गठ्ठे ओल लागून खराब झाले होते आणि उरलेल्या सहांत त्या मुलाचा पत्ता नव्हता. मग या पोरीने बाबांना न सांगता त्या गावच्या वाचनालयाला पत्र लिहिलं होतं.

शेवटच्या शनिवारी आम्ही नवरा-बायको हार्लेमच्या आमच्या घरून मुद्दाम गेलो. साडूंनी अंक वाचला. काही कळलेलं नव्हतं. त्यांनी सवयीने पुढची तारीख शोधली, तर ती नव्हती. ते स्क्रीनकडे नुसते बघत राहिले. तेव्हा मुलीने एक पाकीट पुढे केलं.

"हे कधी आलं?"

"थ्री वीक्स अगो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"यू डोंट लाइक टु नो बिफोर, बाबा."

साडूंनी पाकीट उलटसुलट केलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, "पुढच्या शनिवारी." माझ्या बायकोने कपाळावर हात मारला. पण मुलीने मान डोलावली, आणि पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा झूटरमेरला.

मुलगा परत आला होता. जर्मनांच्या कैदेत होता, पत्र धाडायची सोय नव्हती. तो आला तेव्हा आई पाण्याची बादली घेऊन चढावर होती, असं वाचनालयाने शोधून काढलेल्या त्याच्या नातीने लिहिलं होतं. साडूंनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग चष्मा काढून म्हणाले, "तो अंक भिजला बघ. नाहीतर आला असता त्यात. मोठा मथळा नसता दिला त्यांनी. एवढंच छापलं असतं..." त्यांनी आवाज जरा सावरला. "पोस्टामागे राहणाऱ्या बाईंचा मुलगा मंगळवारी घरी आला. शेजाऱ्यांना आनंद झाला."

 मुलगी खुर्ची ओढून आणखी जवळ बसली, आणि ताईंनी आम्हा शेजाऱ्यांसाठी चहा टाकला, माणशी दोन चमचे.