पाव्हण्याला ऊस

देवळाली प्रवरेच्या पुढे, एका उसाच्या शेताच्या कडेला आम्ही तिघे मित्र परग्रहवासी उतरल्याचा खोटा व्हिडिओ काढत होतो. आमच्यातला सगळ्यात उंच मित्र अंगाला चंदेरी रंग फासून, डोक्यावर घमेलं तोंड झाकेल असं पालथं घालून बांधावर उभा होता. तेवढ्यात खांद्यावर फावडं घेतलेले एक अनोळखी म्हातारबा उसातून बाहेर आले. आता हे ओरडत पळणार, म्हणून मी घाईघाईने मोबाईल त्यांच्यावर धरला.

त्यांनी फावडं टेकवलं, मित्राला पायापासून घमेल्यापर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "पाव्हनं कुठलं?"

मी घाबरल्याचं सोंग करत आभाळाकडे बोट दाखवलं.

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी एक ऊस उपटला, गुडघ्यावर मोडला, बुडख्याकडचा गोड तुकडा धोतराला पुसून मित्राच्या हातात दिला. घमेल्यामुळे त्याला खाता येईना, तेव्हा म्हातारबांनीच ते ओठांपुरतं वर सरकवलं. तो चावतोय की नाही हे नीट पाहून घेतलं.

"हितनं कारखान्याची चिमनी दिसती," ते मला म्हणाले. "पर ऊस कवा तोडनार, ते सांगायला तिथनं कुनी आलं न्हाई. ह्ये बिचारं लई लांबनं आलंय."

आणि ते पाण्याकडे बघायला परत उसात शिरले.

व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला. परग्रहवासी खरा असू शकतो, असं बऱ्याच जणांनी खाली लिहिलं. म्हातारा मात्र नट आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं.